मला उत्तरं येत नाहीत, मग मी साक्ष कशी देऊ?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की प्रभूच्या मागे चालताना आणि रोजच्या जगण्यात त्याच्याबद्दल बोलताना तुमची गाडी नेमकी कुठे अडते. पत्रं भरपूर आली, काही दोन ओळींची, काही चार चार पानांची, आणि वाचताना सारखं वाटत होतं की अरे हे तर आपलंच आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सात निवडली, थोडी छोटी केली आणि नावं काढली.

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी साधा नोकरी करणारा माणूस. उपासनेला जातो, प्रार्थना करतो, पण शास्त्र काही फार पाठ नाही. आमचे पाळक म्हणतात प्रत्येक विश्वासणाऱ्याने साक्ष दिली पाहिजे, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते दुसऱ्यांना सांगितलं पाहिजे. पण कुणी उलट प्रश्न विचारला, म्हणजे जगात दुःख का आहे किंवा त्रैक्य म्हणजे काय, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, तर माझी बोलती बंद होते. त्यापेक्षा आधी नीट अभ्यास करावा आणि मग बोलावं असं वाटतं, पण त्या आधी आणि मगमध्ये बारा वर्षं गेली.

भाऊ, ती बारा वर्षं वाचून मला गलबलून आलं, कारण अशी माणसं मंडळीत किती आहेत ते मला माहितीये, आणि बरेचदा तीच सगळ्यात प्रामाणिक असतात. ज्यांना आपल्याला किती कमी कळतं याची जाणीव आहे ती गप्प बसतात.

आधी शिष्य हा शब्दच बघा. नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, माथेतेस, त्याचा सरळ अर्थ शिकणारा. शिकवून झालेला नाही, शिकणारा. चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये मिळून हा शब्द अडीचशेहून जास्त वेळा येतो, आणि ख्रिस्ती हा शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त तीनदा. म्हणजे सुरुवातीच्या लोकांची ओळखच ही होती की हे कुणाकडून तरी शिकतायत. आता शिकणाऱ्याला सगळी उत्तरं आली पाहिजेत ही अट कुणी घातली? प्रभूने तर नाही घातली.

आता योहान नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस घ्या. मला तो फार आवडतो. लोक विचारतात तुझे डोळे कसे उघडले, तर तो म्हणतो येशू नावाच्या माणसाने चिखल केला आणि माझ्या डोळ्यांना लावला. बस, माणूस म्हणतो, एवढंच माहिती त्याला. मग परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी पुढारी, विचारतात तेव्हा म्हणतो तो संदेष्टा आहे. मग ते दरडावतात की तो पापी आहे, तेव्हा हा म्हणतो तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मला एकच ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. आणि अगदी शेवटी, सभास्थानातून हाकलल्यावर, येशू त्याला शोधत येतो तेव्हा कुठे तो त्याला नमन करतो. बघा हं, त्याची समज बोलता बोलता वाढत गेलीये, आधी पूर्ण झाली आणि मग बोलला असं नाहीये. तुम्ही बारा वर्षं उलट्या क्रमाने चाललात.

आणि मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायातला गरसेकर, ज्याच्यातून सैन्य नावाची भुतं निघाली. तो बिचारा नावेत चढणाऱ्या येशूला विनवतोय की मला तुझ्याबरोबर राहू दे, म्हणजे त्याला शिकायचंच होतं, तुमच्यासारखं. येशू नाही म्हणतो. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते सांग. ज्याची येशूशी ओळख होऊन काही तास झालेत अशा माणसाला हे काम दिलंय. त्या भागातल्या लोकांनी तेव्हा येशूला आमच्या हद्दीतून निघून जा म्हणून विनवलं होतं, आणि दोनच अध्याय पुढे जा, सातव्यात येशू परत त्याच दकापलीस भागात येतो तेव्हा लोक स्वतःहून एका बहिऱ्या माणसाला घेऊन त्याच्याकडे येतात. मधल्या काळात काय झालं ते मार्क सांगत नाही, पण त्या माणसाने दकापलीसात घोषणा केली आणि सगळे थक्क झाले एवढं मात्र त्याने आधी लिहून ठेवलंय.

तेव्हा कुणी त्रैक्याबद्दल विचारलं तर सरळ म्हणा, हे मला नीट सांगता येणार नाही, मी विचारतो आणि पुढच्या आठवड्यात सांगतो. आणि मग खरंच विचारा आणि खरंच सांगा, हे महत्त्वाचं, कारण पुष्कळ लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात. पुढच्याला तुमचं त्रैक्यावरचं उत्तर लक्षात राहील न राहील, पण हा माणूस माझा प्रश्न आठवडाभर डोक्यात घेऊन फिरला आणि परत आला हे राहील. दुःखाचा प्रश्न आला तर आधी एक विचारा, कुणाचं दुःख? बहुतेक वेळा त्या प्रश्नामागे एक माणूस असतो, एक आजारपण असतं, एक मूल असतं. तिथे उत्तराची घाई करूच नका.

प्रश्न: ऑफिसमध्ये विश्वासाबद्दल बोलावं की नाही? माझी एक मैत्रीण म्हणते कामाच्या ठिकाणी हे आणूच नये, दुसरी म्हणते लाज वाटते का तुला प्रभूची. मी दोघींच्या मधे अडकलेय.

लाज वाटते का, हा प्रश्न विचारून कुणाला बोलतं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने माणूस बोलतो खरा, पण स्वतःचं ओझं उतरवायला बोलतो, समोरच्यासाठी नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्याच हातून झालंय.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं, विश्वासात नवी होते, आणि सभेत कुणीतरी असंच विचारलं होतं की या महिन्यात किती जणांना सांगितलंत. त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील गेले. मी तिच्या घरी गेले, पर्समध्ये एक छोटी पुस्तिका घेऊन. ती पलंगावर बसून वडिलांचे शर्ट घडी करत होती. एक निळा चौकड्यांचा शर्ट होता, त्याची बटणं ती वरपासून खालपर्यंत लावायची, मग परत काढायची, परत लावायची. आणि मी बोलत होते. सार्वकालिक जीवन, पुनरुत्थान, सगळं खरं, सगळं माझ्या मनापासून, चांगली वीस मिनिटं. निघताना पुस्तिका उशीजवळ ठेवली आणि घरी येताना मला हलकं वाटत होतं.

काही महिन्यांनी ती मला म्हणाली, त्या दिवशी तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.

ते वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. जुन्या करारातल्या ईयोबाचे तीन मित्र आठवतात का, त्याची मुलं आणि मालमत्ता सगळं गेलं तेव्हा भेटायला आलेले? आपण त्यांना नावं ठेवतो, पण ईयोबाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी बघा, ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं. पाहिलं! त्यांचं चुकलं ते आठव्या दिवसापासून, बोलायला लागल्यावर. मी पहिल्या दिवसालाच आठव्यापासून सुरुवात केली होती.

मी तिची माफी मागितली. पुढे दोघी बरीच वर्षं एकाच विभागात होतो, जेवायला रोज एकत्र बसायचो, आणि मी ठरवलं की ही विचारेल तेव्हाच बोलायचं. एक दिवस तिची आई दवाखान्यात होती तेव्हा ती म्हणाली, तू सकाळी प्रार्थना करतेस ना, त्यात आईचं नाव घे. मग आई बरी झाल्यावरही अधूनमधून विचारायची, तू नक्की काय म्हणतेस गं प्रार्थनेत, तुला कसं कळतं कुणी ऐकतंय. मग बोललो, खूप बोललो, कधी कधी ती वाद घालायची, आणि मला ते चालायचं. ती ख्रिस्ती झाली नाही. आजही नाही. आजही आम्ही बोलतो आणि मी रोज तिचं नाव घेते.

तर तुमच्या प्रश्नाकडे. पेत्राने पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. यातला विचारणारा आपण नेहमी गाळतो आणि भीडस्तपणा तर साफच गाळतो. आधी कुणाला विचारावंसं तरी वाटलं पाहिजे ना. ते कशाने वाटतं? तुम्ही दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेत नाही यानं, चूक झाली तर माझी झाली म्हणता यानं, जो माणूस खोलीत नाही त्याच्याबद्दल तुम्ही काय बोलता यानं. आणि ऑफिसचा वेळ ऑफिसचाच आहे. पगार घेऊन त्या वेळात सुवार्ता सांगणं म्हणजे मालकाच्या खिशातून दान देणं झालं. गावोगाव सुवार्ता सांगत फिरणारा पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला आणि तंबू शिवायचं काम त्यांच्याबरोबर करत होता कारण त्यांचा धंदा एकच होता, प्रेषितांची कृत्ये अठरामध्ये आहे. तंबू तर नीट शिवले गेले असणारच, गळका तंबू विकून कुणी देवाबद्दल काय बोलणार. आणि त्याच अध्यायात पुढे अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता येतो, त्याला थोडं अपुरं माहिती असतं, तेव्हा हे दोघं त्याला चारचौघांत दुरुस्त करत नाहीत, बाजूला घेऊन नीट समजावतात. कामाच्या ठिकाणी बोलायचं कसं हे शिकायला मला तरी हे नवराबायको पुरतात.

तुमच्या दोन्ही मैत्रिणींना सांगा की विश्वास काही डब्यासारखा घरी ठेवून येता येत नाही, आणि तो टेबलावर आपटायचाही नसतो.

प्रश्न: मी रोज सकाळी स्टेटसला आणि सगळ्या ग्रुपवर वचन टाकते. परवा कळलं की माझ्या दोन मैत्रिणींनी मला म्यूट केलंय. वाईट वाटलं. हा छळ समजायचा का?

नाही गं, छळ नाही. छळ झालेल्या विश्वासणाऱ्यांनी जीव दिलेत, तो शब्द त्यांच्यासाठी राहू दे. वचन स्टेटसला जरूर ठेव, ग्रुपवर मात्र नको, आणि त्या दोघींना वेगवेगळा फोन कर आणि त्यांचं काय चाललंय ते ऐक. ऐकच फक्त.

प्रश्न: शिष्य व्हायचं म्हणजे सगळं सोडावं लागतं असं आमच्या युवकांच्या शिबिरात सांगितलं. पेत्राने जाळी सोडली, मत्तयने जकातनाका सोडला. मी नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, घरी आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत गेलो नाही तर मी अर्धवट शिष्य आहे का? रात्री झोप लागत नाही.

बाळा, आधी झोप. देवाला जे बोलायचंय ते तो तुला झोपेत घाबरवून सांगणार नाही.

आता नीट बघू. पेत्राने जाळी सोडली, बरोबर. पण मार्कच्या त्याच पहिल्या अध्यायात, जेमतेम अकरा बारा ओळींनंतर, येशू कुठे जातो? पेत्राच्या घरी, जिथे त्याची सासू तापाने पडलीये. म्हणजे घर होतं, सासू होती, आणि येशूने तिला बरं केलं. पुढे पौल करिंथकरांना लिहितो त्यावरून कळतं की पेत्र प्रवासात बायकोला बरोबर नेत असे. कुटुंब टाकून गेला असं चित्र शास्त्रात नाहीये. आईवडिलांना वाऱ्यावर सोडून देवाचं काम करतो म्हणणाऱ्यांना तर येशू स्वतः मार्क सातमध्ये फार कडक बोललाय, कुर्बान म्हणून आईबापाचा वाटा देवाला दिला की जबाबदारी संपली असं म्हणणाऱ्या लोकांना. तो भाग या आठवड्यात वाच.

आणि सगळ्यांना एकच आज्ञा नाही मिळाली. मत्तय, ज्याला लेवी म्हणतात, त्याने नाका सोडला, पण पहिली गोष्ट काय केली तर घरी मोठी मेजवानी दिली आणि आपल्या जकातदार मित्रांना बोलावलं. जक्कय जकातदारांचा मुख्य होता, त्याला धंदा सोड असं येशूने म्हटल्याचं लूक लिहीत नाही, तो स्वतःच उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हेरोदाचा कारभारी खुजा, त्याची बायको योहान्ना, ती आणि सुसान्ना आणि मग्दालीया मरीया आणि इतर बायका आपल्या पैशाअडक्याने येशूची आणि बारा जणांची सेवा करत होत्या, लूक आठ. त्या गरसेकराला तर बरोबर येऊच दिलं नाही. यातलं अर्धवट कोण?

पण म्हणून शिष्यत्व स्वस्त आहे असं मी तुला सांगणार नाही, तुझं वय खरं ऐकून सहन करण्याचं आहे. डीट्रिख बोन्हॉफर नावाचे जर्मन पाळक होते, त्यांनी १९३७ साली शिष्यत्वावरच्या पुस्तकात स्वस्त कृपा असा शब्द वापरला, म्हणजे क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, येशू हवा पण त्याच्या मागे जाणं नको. १९३९ मध्ये ते अमेरिकेत सुरक्षित होते, तिथून परत आपल्या देशात गेले, आणि ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्यांना फासावर दिलं. हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. लूक नऊमध्ये मात्र एक शब्द आहे जो सगळ्यांच्या वाट्याला येतो, दररोज. माझ्या मागे यायचं तर स्वतःला नाकारावं, दररोज स्वतःचा वधस्तंभ उचलावा. हा दररोज फक्त लूकने लिहिलाय. एकदाच नोकरी सोडणं हा त्यामानाने सोपा प्रकार आहे, एक राजीनामा आणि झालं. रोज त्याच नोकरीत खोटं बिल न बनवणं, रोज त्याच घरात आवाज न चढवणं, रोज ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी प्रार्थना करणं, हे तुला आज रात्रीपासून करता येईल. सेवेचं पाचारण असेल तर ते टिकेल, एका शिबिराच्या भाषणाने येणार नाही आणि दोन वर्षं थांबल्याने जाणारही नाही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा असं येशूनेच सांगितलंय, लूक चौदा. तो बस म्हणतोय, तर बस आणि हिशोब कर, एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर घेऊन.

प्रश्न: मी विश्वासात येऊन सहा वर्षं झाली. यजमान नाहीत. विरोध करत नाहीत, पण मी काही बोलले की उठून दुसऱ्या खोलीत जातात. सहा वर्षं प्रार्थना करतेय. माझं काय चुकतंय?

काही चुकत असेलच असं का धरून चालताय?

पेत्राने अशा घरांबद्दल लिहिलंय, पहिलं पत्र तिसरा अध्याय, की नवरे वचन मानणारे नसले तरी बायकांच्या वागण्याने ते शब्दांवाचून मिळवले जातील. शब्दांवाचून हा शब्द मला वाटतं तुमच्यासाठीच आहे. ते उठून जातात म्हणजे त्यांचे कान भरलेत. थोडे दिवस कानांना विश्रांती द्या. आणि पौल पहिलं करिंथकर सातमध्ये म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, आणि लगेच विचारतो, बाई गं, तू आपल्या नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? म्हणजे ते तुमच्या हातात नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण माझ्या मते यात फार मोठी सुटका आहे.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, तुमच्या पत्रात तसं काही नाही तरी. ज्या बहिणीला घरी मारहाण होते तिला हे वचन दाखवून सहन कर म्हणणं हे पाप आहे. तिने सुरक्षित जागी जावं, मदत घ्यावी, त्याने तिची साक्ष जराही कमी होत नाही.

आपल्या मराठीत अशा घराची एक खरी कहाणी आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. कित्येक वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली, आणि तरीही लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःला पटल्यावर. आणि नंतर टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य त्यांनी पुढे नेलं. नवऱ्याच्या धाकाने आल्या असत्या तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

तुमच्या यजमानांशी शेवटचं पोट धरून हसलात कधी? ते मला पुढच्या पत्रात कळवा.

प्रश्न: आमच्या मंडळीतर्फे गरजू कुटुंबांना औषधं आणि शाळेचं साहित्य देतो. देताना येशूचं नाव घ्यावं की नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत. काही म्हणतात उपासनेला येतील त्यांनाच द्यावं, नाहीतर सुवार्तेचा उपयोग काय.

दहा कुष्ठरोगी बरे झाले, लूक सतरा. एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्यांच्यातला. येशूने विचारलं खरं, बाकीचे नऊ कुठे आहेत, त्याला वाईट वाटलंच असणार. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूक कुठे लिहीत नाही. मला वाटतं तुमच्या दोन्ही तटांनी एकत्र बसून एवढ्या नऊ ओळी वाचाव्यात.

उपासनेला येशील तर औषध, हा सौदा झाला. ज्याचं मूल तापाने फणफणलंय तो कशालाही हो म्हणेल, त्या हो ला काय अर्थ आहे? उलट जो खरंच शोधत येतो त्याच्या विश्वासावरही लोक बोट ठेवतात की काहीतरी मिळालं असेल, म्हणजे आपण त्याचंच नुकसान करतो. शिवाय श्रीमंत तरुण येशूकडून खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, सगळं विकून गरिबांना दे ही अट सैल केली नाही, आमिष दाखवलं नाही. मार्क तिथे लिहितो की येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक हवी, तरच त्याच्या हो मध्ये जीव असतो.

नाव लपवूही नका. कुणी विचारलं तुम्ही हे का करता, तर आम्ही येशूच्या मागे चालणारी माणसं आहोत आणि त्याने असं करायला शिकवलंय, असं मोकळेपणाने सांगा. विचारलं नाही तर औषध द्या, डोस नीट समजावून सांगा, आणि चार दिवसांनी ताप उतरला का ते बघायला जा.

प्रश्न: मी साक्ष द्यायच्या लायकीचाच नाही. माझा राग भयंकर आहे. मागच्या वर्षी घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाला सगळ्यांसमोर नको ते बोललो. तो विश्वासात नाही, आणि तेव्हा तो एवढंच म्हणाला, हाच का तुझा येशू. तेव्हापासून मी मंडळीत मागच्या बाकावर बसतो आणि कुठे तोंड उघडत नाही.

दादा, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटी ठेवलं कारण याला उत्तर देताना माझीच परीक्षा होती.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त त्या दोनच ठिकाणी आहे. पहिला अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडी आहे, चाकर शेकत उभे आहेत, पेत्रही शेकतोय आणि तिथेच तो म्हणतो मी त्याचा शिष्य नाही. दुसरा एकविसाव्या अध्यायात, सरोवराच्या काठावर, पहाटे. रात्रभर जाळी टाकून काही मिळालेलं नाही, आणि काठावर कोळसा पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर, आणि हे सगळं पुनरुत्थित प्रभूने स्वतः करून ठेवलंय. पेत्राला तो वास आला असेल ना? त्या अंगणातला. मला नेहमी वाटतं की येशूने मुद्दाम तोच विस्तव पेटवला, त्याला पुन्हा त्याच जागी आणून उभं करायला, पण यावेळी जेवायला बोलावून. आधी जेवा म्हणाला. नंतर विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. पेत्र दुखावला तिसऱ्या वेळी, तेही लिहिलंय. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलंय, माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. आधी तुझा स्वभाव सुधार, दोन वर्षं मागच्या बाकावर बस, मग बघू, असं कुठे म्हटलंय?

मत्तयच्या शेवटच्या अध्यायातही बघा, ती मोठी आज्ञा, जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ती द्यायच्या एक दोन ओळी आधी लिहिलंय की अकरा जणांनी त्याला नमन केलं पण कित्येकांना संशय वाटला. त्या संशय वाटणाऱ्यांना वेगळं काढलं नाही. आज्ञा सगळ्यांना मिळाली. आणि मराठीत जाऊन हा शब्द जसा आलाय तसाच मूळ ग्रीकमध्येही मुख्य क्रियापद जा हे नाहीच, शिष्य करा हे आहे, जाणं हे ओघाने आलंय. तुमचं जाणं फार लांबचं नाहीये. भावाच्या दारापर्यंतचं आहे.

त्याने हाच का तुझा येशू असं विचारलं ना? तुम्हाला तो टोमणा वाटला, मला मात्र तो प्रश्न वाटतो, आणि वर्षभर त्याला उत्तर मिळालेलं नाही. त्याच्याकडे जा आणि म्हणा की नाही, तो नव्हता, तो मी होतो, आणि माझं चुकलं. त्याला ‘पण’ जोडू नका, म्हणजे पण तूही मला तसं बोलला होतास वगैरे. वाटणीत खरंच काही जास्तीचं आलं असेल तुमच्याकडे तर जक्कयची आठवण ठेवा आणि ते आधी मिटवा. सगळ्यांसमोर बोलला होतात तर माफीही शक्यतो त्यांच्यासमोर मागा. तो कदाचित दार लावून घेईल. तरी तुमचं मागणं खरंच राहील, आणि महिन्याने परत जाता येईल.

तिथे शास्त्र उघडू नका. त्याने बस म्हटलं तर बसा, आणि त्याच्या मुलांची चौकशी करा, वर्षभर तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही.